फाजचा डीएनए आत जातो, मग आपला का अडतो?

प्रश्न असा आहे: ई. कोलायच्या एका स्ट्रेनवर पी१ फाजचे (जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूचे) स्वच्छ प्लाक (पेशींच्या थरात दिसणारे मोकळे ठिपके) येतात, म्हणजे फाज आपला डीएनए आत सोडतोय. पण त्याच स्ट्रेनमध्ये पी१ ट्रान्सडक्शनने (फाजच्या कवचातून एका जिवाणूचा डीएनए दुसऱ्यात नेऊन) कॅनामायसिन-रोधक जनुक हलवायला गेलं की प्लेट रिकामी राहते, आणि लायगेशन (एन्झाइमने जोडलेला डीएनए) टाकून ट्रान्सफॉर्मेशन (उघडा डीएनए पेशीत घालणं) केलं तर दोन-चारच कॉलनी मिळतात. हा जिवाणू बाहेरचा डीएनए घेतो की घेत नाही?

घेतो. चूक प्लाकवरून काढलेल्या निष्कर्षात आहे. डीएनए पेशीत शिरणं ही एक गोष्ट आणि शिरल्यावर तिथे टिकणं ही दुसरी. फाजच्या कणाकडे या दोन्हींची सोय असते. नळीत भरलेल्या उघड्या प्लास्मिडकडे (पेशीत स्वतःची प्रत काढणाऱ्या डीएनएच्या छोट्या वर्तुळाकडे) शिरण्याची सोय नसते, टिकण्याची असते. आणि ट्रान्सड्युसिंग कणाचं नेमकं उलट: कवच फाजचं, त्यामुळे शिरण्याची सोय पक्की, पण आतला डीएनए दाता जिवाणूचा, त्यामुळे टिकण्याची जबाबदारी पूर्णपणे ग्राहक पेशीवर. तुमची प्लेट रिकामी असेल तर आधी विचारायचं ते एवढंच, की दोनांपैकी कुठल्या पायरीवर अडलंय. प्लाक पहिल्या पायरीची ग्वाही देतो, दुसरीची नाही.

पहिला संशय सांगून टाकतो, कारण निम्मे प्रश्न इथेच संपतात. ग्राहक म्हणून डीएच५-अल्फा किंवा तसलाच एखादा क्लोनिंगचा स्ट्रेन वापरताय का? त्यात रेक-ए जनुक निकामी केलेलं असतं (जीनोटाइपमध्ये रेक-ए१ असं लिहिलेलं दिसेल). प्लास्मिड स्थिर राहावं म्हणून हा बदल मुद्दाम केलेला आहे. पण ट्रान्सडक्शनने आलेला तुकडा रेषीय असतो, त्याला स्वतःची प्रत काढता येत नाही, गुणसूत्राशी पुनःसंयोग झाला तरच तो वाचतो, आणि पुनःसंयोगाला रेक-ए लागतं. फाजला स्वतःच्या वाढीसाठी त्याची इतकी गरज नसते. म्हणून प्लाक येतात आणि ट्रान्सडक्टंट (ते जनुक मिळालेली पेशी) एकही येत नाही. लायसेट (फाजने फोडलेल्या पेशींचा फाजभरला द्रव) कितीही ताजं घ्या, फरक पडणार नाही. जीनोटाइपची खात्री नसेल तर सोपी चाचणी आहे: संशयित स्ट्रेन आणि एक जंगली (रेक-ए शाबूत असलेला) स्ट्रेन एकाच प्लेटवर शेजारी शेजारी रेघोट्या मारून ठेवा, प्लेटचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाका, २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली काही सेकंद धरा आणि रात्रभर अंधारात वाढवा. अंधार महत्त्वाचा, कारण उजेडात फोटोलायेझ डीएनएची दुरुस्ती करतं. रेक-ए नसलेली रेघ उघड्या भागात जवळपास पुसली जाते, जंगली टिकते.

फाज आत कसा शिरतो

फाजचं शिरणं म्हणजे इंजेक्शनची सुई एवढंच चित्र बहुतेकांच्या मनात असतं. ते टी४साठी बरंचसं खरं आहे. त्याचे लांब तंतू बाह्य पटलावरचं ओम्प-सी प्रथिन किंवा लायपोपॉलिसॅकराइड (मेद आणि शर्करा जोडलेला रेणू) ओळखतात, आखूड तंतू पकड घट्ट करतात, शेपटीचं आवरण आकसतं, आतली नळी बाह्य पटल भेदते आणि नळीच्या टोकाशी असलेलं लायसोझाइम पेप्टिडोग्लायकन कापतं. जवळपास १६९ हजार बेसजोड्यांचा डीएनए मिनिटाच्या आत आत जातो. मात्र त्यासाठी पेशीच्या आतल्या पटलावरचा विद्युतदाब शाबूत लागतो, म्हणजे पेशी जिवंत आणि दमदार हवी.

लॅम्डाची शेपटी आकसत नाही. तिचं टोक लॅम-बी या माल्टोज वाहून नेणाऱ्या प्रथिनाला चिकटलं की डोक्यात दाबून भरलेला ४८,५०२ बेसजोड्यांचा डीएनए सुटतो. हे इतकं यांत्रिक आहे की परीक्षानळीत शुद्ध केलेलं लॅम-बी मिसळलं तरी कण रिकामे होतात. याचा व्यवहारातला अर्थ: लॅम्डासाठी पेशी वाढवताना माध्यमात ०.२ टक्के माल्टोज आणि १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट घालायचं आणि ग्लुकोज अजिबात घालायचं नाही. ग्लुकोज असलं की माल्टोजची जनुकं दबलेली राहतात, पृष्ठभागावर लॅम-बी कमी, आणि टायटर (मिलिलिटरमागे फाजची संख्या) कारण न कळता घसरतो.

टी७ आणखी वेगळा. त्याच्या सुमारे ४० हजार बेसजोड्यांपैकी पहिल्या साडेआठशेच्या आसपास आपोआप आत येतात आणि तिथे डीएनए थांबतो. पुढचा भाग आधी जिवाणूचा आरएनए पॉलिमरेज आणि नंतर टी७चा स्वतःचा पॉलिमरेज लिप्यंतरण करता करता आत ओढतो. सगळ्यात आधी आत येणाऱ्या जनुकांपैकी एक ओसीआर नावाचं प्रथिन बनवतं. ते आकाराने आणि विद्युतभाराने डीएनएसारखंच असल्याने जिवाणूचे पहिल्या प्रकारचे रिस्ट्रिक्शन एन्झाइम (परका डीएनए कापणारे) त्यालाच चिकटून बसतात आणि मागून येणारा डीएनए सुखरूप आत येतो. शिरण्याच्या पायरीतच टिकण्याची तरतूद कशी विणलेली असते याचं यापेक्षा देखणं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

एम१३सारखे तंतुमय फाज एफ पायलसला (पेशीवरच्या केसासारख्या तंतूला) चिकटतात, म्हणून एफ प्लास्मिड नसलेल्या पेशीत ते शिरत नाहीत. ते पेशी फोडतही नाहीत. त्यांचे प्लाक गढूळ दिसतात, कारण तिथल्या पेशी मेलेल्या नसतात, नुसत्या मंद वाढत असतात.

आता चिकटण्याचं गणित, कारण ‘फाज टाकला पण काहीच झालं नाही’ ही तक्रार बऱ्याचदा इथली असते. मोकळ्या फाजची संख्या घातांकी दराने घटते, आणि तो दर अधिशोषण स्थिरांक गुणिले पेशींची संख्या इतका असतो. टी४साठी हा स्थिरांक मिनिटाला साधारण २.५ भागिले १०० कोटी मिलिलिटर धरतात. मिलिलिटरमध्ये १० कोटी पेशी असतील तर गुणाकार येतो ०.२५, आणि १० मिनिटांत सुमारे ९२ टक्के फाज चिकटतात. त्याच पेशी दहापट विरळ करून १ कोटीवर आणल्या तर १० मिनिटांत जेमतेम २२ टक्के. फाज तेवढेच, वेळ तेवढीच, तरी निकाल वेगळा. म्हणून चिकटवण्याची पायरी दाट पेशींत आणि कमी आकारमानात करायची, नंतर विरळ करायचं.

दुसरं, फाज आणि पेशींचं प्रमाण १ म्हणजे प्रत्येक पेशीला एक फाज असं होत नाही. वाटप यादृच्छिक असतं: प्रमाण १ असताना ३७ टक्के पेशी कोऱ्या राहतात आणि सुमारे २६ टक्के पेशींत दोन किंवा जास्त फाज शिरतात. ट्रान्सडक्शनमध्ये ही दुसरी टक्केवारी जीवघेणी ठरते. ज्या पेशीत तुमचं जनुक आलं तिच्यातच एखादा धडधाकट पी१व्हिर (पेशी नेहमी फोडणारा पी१चा प्रकार) शिरला, तर ती पेशी फुटणार.

पी१ ट्रान्सडक्शन, आकड्यांसकट

पी१ आपलं डोकं ‘पोतं भरेपर्यंत’ या पद्धतीने भरतो: ठरावीक खुणेपासून सुरुवात करून डोकं गच्च होईपर्यंत डीएनए कोंबायचा आणि कापायचा. खुणेसारखी जागा दात्याच्या गुणसूत्रावर सापडली तर तिथूनही भरणी सुरू होते. एका कणात साधारण १०० हजार बेसजोड्या मावतात. ई. कोलायचं गुणसूत्र ४६ लाखांचं, म्हणजे एका कणात सुमारे ४६वा हिस्सा. लायसेटमधल्या कणांपैकी शेकडा ०.३च्या आसपास कणांत जिवाणूचा डीएनए असतो. गुणाकार केला तर तुमचं विशिष्ट जनुक असलेला कण साधारण पंधरा हजारांत एक.

प्रत्यक्षात मात्र ट्रान्सडक्टंट मिळतात ते एक लाख ते दहा लाख फाजमागे एक. मधली तफावत कुठे गेली? पेशीत शिरलेल्या तुकड्यांपैकी बरेचसे गुणसूत्रात बसतच नाहीत. काही कापले जातात, काही प्रथिनाने टोकं जोडून वर्तुळाकार होऊन पडून राहतात आणि पेशी विभागल्या की एकाच लेकीकडे जातात. याला अपूर्ण ट्रान्सडक्शन म्हणतात. तेव्हा सगळं सुरळीत असतानाही दुसऱ्या पायरीवर गळती मोठी असते, हे गृहीत धरूनच आकडे ठरवायचे.

लायसेट असं करा. दात्याचं रात्रभराचं कल्चर १:१०० प्रमाणात ५ मिलिलिटर एलबी माध्यमात घ्या, त्यात ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड आणि ०.२ टक्के ग्लुकोज. ३७ अंशांवर ४५ मिनिटं ते तास हलवा. कल्चर नुकतं धूसर दिसायला लागलं पाहिजे. मिलिलिटरला १०० कोटी टायटरचं जुनं पी१व्हिर लायसेट १०० मायक्रोलिटर टाका आणि पुन्हा हलवत ठेवा. दोन-तीन तासांत कल्चर निवळतं आणि पेशींचे धागेदार अवशेष तरंगताना दिसतात. निवळलं नाही तर बहुतेक वेळा फाज उशिरा टाकलेला असतो आणि कल्चर पुढे निघून गेलेलं असतं. मग ५० ते १०० मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म घालून ५ मिनिटं हलवा, १०,००० जी वर १० मिनिटं फिरवा, वरचा द्रव नव्या नळीत काढा, ४ अंशांवर ठेवा. नळी काचेची किंवा पॉलिप्रॉपिलीनची हवी. पॉलिस्टायरीन क्लोरोफॉर्मने विरघळतं. आणि हे क्लोरोफॉर्म प्रकरण सगळ्या फाजना लावू नका: ज्यांच्या कवचात मेद असतो ते पीआरडी१ किंवा फाय६, तसेच तंतुमय एम१३, क्लोरोफॉर्मने निकामी होतात. तिथे ०.४५ मायक्रोमीटरचा फिल्टर वापरा.

लायसेटचा टायटर मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. ही पायरी सर्रास गाळली जाते. ग्राहकाचं रात्रभराचं कल्चर १.५ मिलिलिटर घेऊन गोळा करा आणि ०.७५ मिलिलिटरमध्ये विरघळवा: १०० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट, ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. यातल्या १०० मायक्रोलिटरमध्ये साधारण ५० कोटी पेशी येतात. त्यात १००, १० आणि १ मायक्रोलिटर लायसेटच्या तीन नळ्या लावा. टायटर १०० कोटी असेल तर पहिल्या नळीत १० कोटी फाज, म्हणजे प्रमाण ०.२, आणि अपेक्षित ट्रान्सडक्टंट शंभर ते हजार. टायटर १ कोटी असेल तर त्याच नळीत एक ते दहा. मग ‘ट्रान्सडक्शन होत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही, लायसेटच पातळ आहे.

३० मिनिटं ३७ अंशांवर न हलवता ठेवा. मग १ मोलर सोडियम सायट्रेट २०० मायक्रोलिटर घाला. पी१ला चिकटायला कॅल्शियम लागतं. सायट्रेट ते पकडून ठेवतं, म्हणजे नव्याने फुटलेल्या पेशींतला फाज तुमच्या मोजक्या ट्रान्सडक्टंटवर तुटून पडत नाही. १ मिलिलिटर एलबी घालून तासभर ३७ अंशांवर हलवा, पेशी गोळा करा, १०० मिलिमोलर सायट्रेट असलेल्या एलबीने धुवा, आणि कॅनामायसिन अधिक ५ मिलिमोलर सायट्रेटच्या प्लेटवर पसरा. गुणसूत्रावर जनुकाची एकच प्रत असते, म्हणून कॅनामायसिन २५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर पुरे. प्लास्मिडसाठीची ५० ची प्लेट इथे विनाकारण कडक पडते.

दोन नियंत्रणं हवीतच: नुसत्या पेशी आणि नुसतं लायसेट. दुसरं टाळू नका. क्लोरोफॉर्मला पुरून उरलेल्या दात्याच्या पेशी लायसेटमधून आल्या तर त्या कॅनामायसिनवर झकास वाढतात आणि ट्रान्सडक्टंटसारख्याच दिसतात. उलट बाजूने, लायसेटच्या तळाचा क्लोरोफॉर्म पिपेटमध्ये ओढला गेला तर ग्राहकच मरतो आणि प्लेट रिकामी. पिपेट नेहमी वरच्या थरातून भरा.

रेक-ए ठीक, टायटर ठीक, तरी काही नाही आणि प्लाकही कमी? मग ग्राहकाचं लायपोपॉलिसॅकराइड तपासा. पी१ त्याच्या गाभ्यातल्या शेवटच्या ग्लुकोजला चिकटतो. गॅल-यू जनुक निकामी असेल तर ते ग्लुकोज बसतच नाही. आणि ज्या रानटी स्ट्रेनवर ओ-प्रतिजनाची लांब झालर आहे तिथे फाज गाभ्यापर्यंत पोचत नाही. के-१२ (प्रयोगशाळेतला नेहमीचा ई. कोलाय) वंशाच्या स्ट्रेनमध्ये ही झालर नसल्याने ही अडचण सहसा लक्षात येत नाही.

उघडा डीएनए

आता लायगेशनच्या दोन-चार कॉलनींकडे. गंमत अशी की प्लास्मिडसाठी आपण रोज वापरतो ती कॅल्शियमची पद्धत मुळात फाजवरच सापडली. मँडेल आणि हिगा यांनी १९७० साली दाखवलं की थंड कॅल्शियम क्लोराइडमध्ये ठेवलेल्या ई. कोलाय पेशी फाजचा कवचाशिवायचा डीएनए घेतात. कोहेन, चँग आणि सू यांनी १९७२ मध्ये तीच युक्ती प्लास्मिडवर चालवली. म्हणजे कवच काढून घेतलं की फाजचाही डीएनए आपल्या प्लास्मिडइतकाच हतबल असतो: डीएनए आणि पेशीचं पटल दोन्ही ऋणभारित, त्यामुळे एकमेकांना ढकलणारे. कॅल्शियम हा भार झाकतं, उष्णतेचा झटका पटल क्षणभर सैल करतो.

कार्यक्षमता किती तुटपुंजी असते ते एकदा मोजून पाहा. पीयूसी१९ हे प्लास्मिड २,६८६ बेसजोड्यांचं. त्याच्या १ मायक्रोग्रॅममध्ये सुमारे ३४,५०० कोटी रेणू. तुमच्या पेशी मायक्रोग्रॅममागे १० कोटी कॉलनी देत असतील, म्हणजे चांगल्या असतील, तरी साडेतीन हजार रेणूंतला एकच यशस्वी होतो. लायगेशनमध्ये तर बहुतांश डीएनए रेषीय किंवा चुकीचा जोडलेला असतो, त्यामुळे आकडा आणखी शेकडो पटींनी खाली येतो. पेशींची कार्यक्षमता १० लाखच असेल तर दोन-चार कॉलनी हा अपघात नाही, अपेक्षित निकाल आहे.

म्हणून आधी पेशी मोजा. १०० पिकोग्रॅम पीयूसी१९ ५० मायक्रोलिटर पेशींत टाका, शेवटी सगळं मिळून १ मिलिलिटर करा, त्याचं दहापट विरळ करून १०० मायक्रोलिटर पसरा. प्लेटवर गेलेला डीएनए १ पिकोग्रॅम. १२० कॉलनी आल्या तर कार्यक्षमता मायक्रोग्रॅममागे १२ कोटी. २ आल्या तर लायगेशनला दोष देण्याआधी पेशी नव्याने करा.

पेशी बिघडतात त्या मोजक्या कारणांनी. कल्चर ओडी (गढूळपणाचं माप) ०.४च्या पुढे गेलेलं असणं हे सगळ्यात मोठं कारण, ०.३ ते ०.४ मध्ये थांबवून लगेच बर्फात घाला. त्यानंतर काहीही गरम होता कामा नये: रोटर, नळ्या, १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, सगळं आधीच थंड हवं. गोळा विरघळवताना व्हॉर्टेक्स नको, बर्फात नळी हलकेच फिरवा. काचेच्या भांड्यात साबणाचा अंश राहिला तरी कार्यक्षमता कोसळते. १५ टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा. उणे २० वर ठेवलेल्या पेशी काही दिवसांत कुचकामी होतात. वितळलेल्या पेशी पुन्हा गोठवायच्या नाहीत.

ट्रान्सफॉर्मेशनच्या वेळी: ५० मायक्रोलिटर पेशींत लायगेशन जास्तीत जास्त ५ मायक्रोलिटर, बर्फात ३० मिनिटं, ४२ अंशांवर ४५ सेकंद, लगेच बर्फात २ मिनिटं, एसओसी माध्यम ९५० मायक्रोलिटर, ३७ अंशांवर तासभर. हा तास अँपिसिलिनच्या बाबतीत थोडाफार छाटला तरी चालतं, कारण ते वाढत्या पेशीची भिंत बांधणं रोखतं आणि पेशीला मध्ये उसंत मिळते. कॅनामायसिन मात्र थेट रायबोसोमवर घाला घालतं. रोधक एन्झाइम आधी तयार नसेल तर ते बनवणारी यंत्रणाच बंद पडते. डीएनए शिरला, टिकला, पण बोलायच्या आत पेशी मेली, असा हा प्रकार.

इलेक्ट्रोपोरेशनमध्ये अडतं ते क्षारांवर. ०.१ सेंटिमीटरच्या क्युव्हेटसाठी १.८ किलोव्होल्ट, २५ मायक्रोफॅरड, २०० ओहम. कालस्थिरांक या दोहोंचा गुणाकार, म्हणजे आदर्श ५ मिलिसेकंद. यंत्राने ४.५ ते ५ दाखवलं तर पेशी स्वच्छ आहेत. ३ दाखवलं तर क्षार शिल्लक आहेत, आणि ठिणगी उडाली तर तो नमुना गेलाच. पेशी थंड १० टक्के ग्लिसरॉलने निदान दोन-तीनदा धुवा, आणि लायगेशन एकतर कॉलमने स्वच्छ करा किंवा ६५ अंशांवर १० मिनिटं लायगेज मारून १ मायक्रोलिटरच टाका. लायगेशनच्या बफरमध्ये पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) असेल तर तापवू नका. कॉलनी जवळपास नाहीशा होतात.

कॉलनी कमी आल्या तर कुठे अडलं हे चार प्लेट सांगतात: डीएनए नाही, न कापलेलं वेक्टर (वाहक प्लास्मिड), कापलेलं वेक्टर लायगेजशिवाय, कापलेलं वेक्टर लायगेजसह पण इन्सर्ट (बसवायचा तुकडा) नाही. पहिलीवर काही आलं तर अँटिबायोटिक मेलेलं आहे. दुसरी रिकामी तर पेशी किंवा प्लेट. तिसरीवर गर्दी तर वेक्टर नीट कापलेलंच नाही. दुसरी भरलेली आणि चौथी रिकामी, तर लायगेज, एटीपी किंवा टोकं बिघडलेली (फॉस्फेट काढलेलं वेक्टर असेल तर मात्र चौथी रिकामीच यायला हवी). अँपिसिलिन प्लेटवर मोठ्या कॉलनीभोवती बारीक दाणे आले तर ते उपग्रह; मोठ्या कॉलनीने सोडलेल्या बीटा-लॅक्टमेजने आजूबाजूचं औषध संपवलेलं असतं. प्लेट २० तासांपेक्षा जास्त ठेवू नका, किंवा कार्बेनिसिलिन वापरा.

आत शिरल्यावर कोण कापतं

पेशीच्या आत परक्या डीएनएसाठी दोन मोठे धोके. पहिला रिस्ट्रिक्शन. के-१२ मधला इको-केआय हा एन्झाइम सात ठरावीक बेस ओळखतो, म्हणजे सरासरी दर आठ हजार बेसजोड्यांमागे एक जागा. ई. कोलाय सी वर वाढवलेला लॅम्डा के-१२ वर टाकला की प्लाक साधारण दहा हजारांत एकावर येतात. त्या एका प्लाकमधून निघालेला फाज मात्र के-१२ वर पूर्ण क्षमतेने वाढतो, कारण आता त्याच्या डीएनएवर के-१२ची मेथिल खूण बसलेली असते. लहान प्लास्मिडवर अशी जागा नसेलही. त्यामुळे नियंत्रणाचं छोटं प्लास्मिड धडाक्यात कॉलनी देतं आणि तुमचं १५ हजारांचं प्लास्मिड मार खातं, आणि दोष आकाराला दिला जातो. पीसीआरने बनवलेल्या डीएनएवर कुठलीच मेथिल खूण नसते, म्हणून तो एचएसडी-आर (इको-केआयचं कापणारं अंग बनवणारं जनुक) निकामी असलेल्या स्ट्रेनमध्येच टाकायचा.

उलटाही प्रकार असतो: एमसीआर-बीसीसारखी यंत्रणा मेथिल असलेल्याच डीएनएला कापते. सस्तन किंवा वनस्पतीच्या जीनोममधून थेट क्लोनिंग करताना डीएच५-अल्फा गोत्यात आणतो. डीएच१०बी मध्ये हा सगळा गट उडवलेला असल्याने तो बरा. स्टॅफिलोकोकस ऑरियसमध्ये ई. कोलायचं प्लास्मिड थेट जात नाही, आधी रिस्ट्रिक्शन निकामी असलेल्या आरएन४२२० मधून फिरवून न्यावं लागतं. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरसाठी मेथिलेशन न करणाऱ्या ईटी१२५६७ मधून संयुग्मनाने (पेशी ते पेशी थेट जोडणीतून) पाठवतात.

दुसरा धोका रेक-बीसीडी हा एन्झाइम, जो रेषीय डीएनएची टोकं पकडून खात सुटतो. लॅम्डा त्याला चकवतो: त्याच्या दोन्ही टोकांना १२ बेसचे पूरक एकेरी धागे असतात, आत शिरताच ते जुळून डीएनए वर्तुळाकार होतो. पुढे गॅम प्रथिन रेक-बीसीडीला रोखतं. ई. कोलायमध्ये पीसीआरचा तुकडा नुसता टाकला तर काही मिळत नाही ते याच कारणाने. डॅट्सेन्को आणि वॅनर यांची २००० सालची पद्धत लॅम्डाकडूनच उसनी घेतलेली आहे: पीकेडी४६ प्लास्मिडवरून अरॅबिनोजने गॅम, बीटा आणि एक्सो चालू करायचे, मग ४० बेसच्या आसपास समरूप टोकं असलेला तुकडाही गुणसूत्रात बसतो. गंमत म्हणजे ट्रान्सडक्शनने आलेल्या तुकड्याला हाच रेक-बीसीडी मदतीचा ठरतो. डीएनएवरच्या ‘काय’ (chi) नावाच्या खुणेपाशी तो कापणं बदलून रेक-ए ला धागा सोपवतो.

जे जिवाणू स्वभावतःच डीएनए घेतात त्यांच्याकडे वेगळी खोच आहे. बॅसिलस सबटिलिस किंवा न्यूमोकॉकस दुहेरी धाग्याला चिकटतात, पण एकच धागा कॉम-ईसी वाहिनीतून आत घेतात, दुसरा कापून टाकतात. गुणसूत्राच्या तुकड्याला हे चालतं, रेक-ए त्याला जागी बसवतं. प्लास्मिडला मात्र पुन्हा दुहेरी वर्तुळ व्हायचं असतं, आणि एकेरी प्रतीच्या अर्धवट धाग्याला ते जमत नाही. डीएच५-अल्फामधून काढलेलं प्लास्मिड बहुतांशी एकेरी प्रतीचं असतं, म्हणून ते बॅसिलसमध्ये जवळपास जातच नाही. तेच प्लास्मिड रेक-ए शाबूत असलेल्या ई. कोलायमधून काढलं तर जोडप्रती मिळतात आणि काम होतं. हिमोफिलस इन्फ्लुएंझाची अट त्याहून वेगळी: एएजीटीजीसीजीजीटी हा नऊ बेसचा क्रम असेल तरच तो डीएनए आवडीने उचलतो.

एखाद्या मिश्रणात जनुक कुठल्या वाटेने गेलं हे ठरवायचं असेल तर तीन नळ्या पुरतात. पहिलीत डीएनेज १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि मॅग्नेशियम (ईडीटीए असेल तर डीएनेज चालत नाही): यात हस्तांतर थांबलं तर तो उघड्या डीएनएचा मार्ग. दुसरीत दात्याचा ०.४५ मायक्रोमीटरमधून गाळलेला द्रव आणि डीएनेज: तरीही जनुक गेलं तर फाज. तिसरीत दोन्ही पेशी एकत्र, डीएनेजसह: फक्त इथेच गेलं तर संयुग्मन. झिंडर आणि लेडरबर्ग १९५२ मध्ये साल्मोनेलात संयुग्मन शोधत होते. गाळलेला, डीएनेजला न जुमानणारा द्रव जनुक नेतोय हे दिसल्यावर ट्रान्सडक्शन हाती लागलं.

शेवटचं, तुमच्या पी१च्या कॉलनी आल्यावर. प्रत्येक कॉलनी सायट्रेटच्या प्लेटवर दोनदा रेघोट्या मारून शुद्ध करा, नाहीतर तिच्यासोबत आलेला फाज नंतर कल्चर गिळतो. मग सायट्रेट नसलेल्या, ५ मिलिमोलर कॅल्शियमच्या प्लेटवर पी१ लायसेटची एक उभी रेघ सुकवा आणि कॉलनी आडवी ओढा. रेघेपाशी वाढ तुटली तर पेशी अजून पी१ला संवेदनशील आहे, ठीक. तुटली नाही तर तो बहुधा फाजला चुकवणारा लायपोपॉलिसॅकराइडचा उत्परिवर्ती आहे; तो टाकून द्या, कारण त्याचं पटल आता मूळ स्ट्रेनसारखं राहिलेलं नाही. उरलेल्यांचा पीसीआर जनुकाच्या दोन्ही सांध्यांवर करा, एका नव्हे, आणि पुढच्या प्रयोगांसाठी निदान दोन स्वतंत्र ट्रान्सडक्टंट गोठवून ठेवा.